रगबच्या मागे झनाती

कफ्र अबू तूतमध्ये पन्नाशी ओलांडलेला असा एकही दंड सापडायचा नाही, ज्यात हकीमा इन्शिराहची सुई गेलेली नाही. गावाला डॉक्टर यायचे आणि वर्षभरात बदली करून घेऊन पळायचे. हकीमा मात्र चाळीस वर्षं तिथल्या तिथे. नोकरी सरकारी दवाखान्यात नर्सची, पण खरा दवाखाना तिच्या ओसरीवर. गावाचं सुईवर भारी प्रेम. गोळी म्हणजे खडूचा तुकडा, खरं औषध ते जे टोचतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ताप आला, सुई. कंबर धरली, सुई. सून माहेरी निघून गेली आणि सासूचं डोकं ठणकायला लागलं, तरी सुई. आणि ती द्यावी इन्शिराहनेच. "हात असा हलका, की टोचलं कधी ते कळत नाही," असं लोक म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण आतून फुलून जायची. का नाही फुलणार? नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच.

निवृत्तीनंतरही ओसरीवरची गर्दी हटली नव्हती. आणि एक दिवस तिनं हात थांबवला. "डोळे गेले माझे," असं तिनं जाहीर केलं आणि दाराला कडी घातली. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पुलावरून जाणाऱ्या गाढवावर कोणाच्या शेतातलं बरसीमचा चारा लादलाय, ते ती गच्चीवरून ओळखायची. पण गाव भोळं, किंवा शहाणं म्हणा. कोणी उलटून विचारलं नाही.

खरं कारण रगब होता.

रगब म्हणजे पुलावर ताअमियाचे वडे तळणाऱ्या झनातीचा थोरला भाऊ. त्रेपन्न वर्षांचा धडधाकट गडी, आयुष्यात कधी आजारी नाही. एके सकाळी शेतातून आला आणि घमेलंभर रक्त ओकला. झनाती आणि इन्शिराह दोघंही त्याला घेऊन मोठ्या शहरात गेली. लिव्हर पार दगड झालेलं. तिथल्या डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं, "लहानपणी बिल्हार्झियाच्या सुया घेतल्या होत्या?"

रगब पिवळ्या डोळ्यांनी हसला. खाटेशेजारी उभ्या असलेल्या इन्शिराहकडे, लहानपणापासूनच्या आपल्या अब्लाकडे म्हणजे ताईकडे, बोट करून म्हणाला, "ही काय, हिनंच तर दिल्या. अब्लाचा हात फार हलका, डॉक्टर."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. झनाती तेव्हा बाहेर चहा आणायला गेला होता. रगब नवव्या दिवशी गेला. इन्शिराह घरी आली ती पुन्हा सुई हातात न धरण्यासाठीच.

बेचाळीस वर्षांपूर्वीची ती मोहीम तिला काल घडल्यासारखी आठवत होती. कालव्याच्या पाण्यातला बिल्हार्झियाचा किडा तेव्हा पोरांच्या अंगात शिरायचा आणि लघवीतून रक्त जायचं. इतक्या पोरांना जायचं, की आया म्हणायच्या, चला, पोरगा मोठा झाला. सरकारनं त्यावर औषध पाठवलं: बारा आठवडे, दर आठवड्याला शिरेत एक सुई. औषध असं जहाल, की आत जाताच पोर खोकायचं आणि ओकायचं. इन्शिराह वीस वर्षांची, नोकरीत नवी. शाळेच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली टेबल, स्टोव्हवर पाण्याचं पातेलं, काचेच्या सहा सिरिंजा आणि साठ पोरं. दर पोरानंतर सिरिंज वीस मिनिटं उकळा, असा नियम होता. तो करणारा बहुतेक कधी रांगेसमोर उभा राहिला नसावा. दुपारी पोरांना कापसावरची अळी वेचायला शेतावर जायचं असायचं, मुकादम फाटकाशी उभा राहून खाकरायचा.

आणि दुसरंही एक होतं, जे इन्शिराहनं कोणाला सांगितलं नव्हतं. उकळत्या पाण्यातून काढलेली काच पोरांच्या कातडीला चटका द्यायची, ती आणखीच रडायची. तिला त्यांची दया यायची. मग ती सिरिंज गरम पाण्यात नुसती बुचकळायची, लगेच गार पाण्यात धरायची. पुढे पुढे तेवढंही नाही; सुई बदलायची, काच स्पिरिटनं पुसायची आणि पुन्हा भरायची. काच कशी लखलखीत दिसायची! डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ, असा तो काळ होता. आसपासच्या गावांतले डॉक्टरही काही वेगळं करत नव्हते.

रांगेचा क्रम ठरलेला. अकरा वर्षांचा रगब पुढे झाल्याशिवाय एक पोरगं हलायचं नाही. तो हात पुढे करायचा, टोचून घ्यायचा, झाडामागे जाऊन ओकायचा आणि दात काढत परत यायचा. त्याच्या मागे त्याच्या पायघोळ गलाबियाचं टोक मुठीत धरून, डोळे गच्च मिटून नऊ वर्षांचा झनाती. झनातीचे डोळे उघडायच्या आत काम उरकावं लागे, नाहीतर पोरगं थेट कालव्यापर्यंत पळत सुटे. म्हणून इन्शिराह उशीर करायची नाही. रगबच्या हातातून निघालेली सिरिंज भरायची ती सरळ झनातीसाठी. बारा आठवडे, न चुकता.

रगबला नेणाऱ्या रोगाला, हेपटायटिस सीला, गावात नुसतं 'सी' म्हणत. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगात जाणारा. काविळीच्या जातीचा, पण कावीळ न दाखवणारा. तीस-चाळीस वर्षं अंगात गपचूप बसून लिव्हर कुरतडणारा. रगबला होता. मग झनातीलाही असणार, हे इन्शिराहला दोन वर्षं ठाऊक होतं. सांगायचं तर दुसरंही सांगावं लागणार होतं. जीभ रेटेना. रोज सकाळी ती पुलावर जायची, झनातीचा चेहरा न्याहाळायची, दोन वडे खायची आणि घरी यायची.

त्या शरद ऋतूत तपासणीची मोहीम आली. देशभर, प्रत्येक गावात. बोटातून रक्ताचा एक थेंब, वीस मिनिटांत निकाल. रोग निघाला तर बारा आठवड्यांच्या गोळ्या आणि पूर्ण बरा, सगळं फुकट. शाळेच्या अंगणात तीन टेबलं मांडली, भोंगा लावलेली टुकटुक रिक्षा गावभर फिरली. पहिल्या तीन दिवसांत आले ते कोण? कॉलेजातली मुलं, मास्तर आणि फोटो काढून घ्यायला गावचा ओम्दा, म्हणजे पाटील. पन्नाशीचं एक माणूस फिरकलं नाही.

दवाखान्याची डॉक्टर तगरीद सव्वीस वर्षांची, शहरातली, चिडकी आणि मनानं सरळ. तिसऱ्या संध्याकाळी ती पाय आपटत इन्शिराहच्या ओसरीवर आली.

"खाला, तुमच्या गावाला अक्कल आहे की नाही? औषध दारात आणून ठेवलंय आणि हे लोक कबुतरं उडवत बसलेत!"

"बस आधी. चहा घे. साखर किती?"

"साखर नको."

"म्हणूनच चिडतेस." इन्शिराहनं चार चमचे घातले. "ते येणार नाहीत गं. थेंब बोटातून निघतो आणि बातमी पुलावर पोचते. ज्याला 'सी', त्याच्या पोरीची सोयरीक मोडते. पोराला आखातात नोकरी मिळत नाही. न येण्यात शहाणपणच आहे त्यांचं."

"पण त्यांना विचारावं तर म्हणतात, आम्हाला काही होत नाही! आम्हाला शिकवलंय, रोगी आला की विचारा, काय होतंय. ह्यांना काही होतच नाही, मी विचारू काय?"

"मग काय होतंय ते विचारू नकोस," इन्शिराह म्हणाली. "काय झालं होतं, ते विचार."

आणि मग दोन वर्षं अडलेली जीभ सुटली. तिनं सगळं सांगितलं. पातेलं, चटका, रगब, झनाती. तगरीदच्या हातातला चहा गार झाला.

"खाला," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही एकट्या नव्हत्या. सगळ्या देशात हेच झालं. तेव्हा ह्या रोगाला नाव सुद्धा नव्हतं."

"नाव नव्हतं म्हणून रोग नव्हता का?"

तगरीदनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "त्या मुलांची यादी असेल कुठे?"

"यादी कशाला हवी? मला रांग पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ती झनातीकडे गेली. त्याला एकट्याला सांगावं, हे तिला बरं वाटत होतं. झनाती कढईशी उभा होता, गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. शेजारी बायको नगफा ऐशच्या रोट्या भाजून रचून ठेवत होती.

"तपासून ये की रे शाळेत. दहा पावलांवर तर आहे."

"झालं! तू सुद्धा?" झनातीनं वडे उलटले. "अब्ला, तू शहाणी बाई. माझं दुकान खाण्याचं. उद्या कळलं की झनातीला 'सी' आहे, तर हे वडे काय कालव्यातल्या बदकांना घालू?"

"दमतोस हल्ली."

"पन्नाशीत माणूस दमतोच. बायकोला विचार, ती तर मला बघूनच दमते."

"बघून नाही, ऐकून," नगफा म्हणाली.

इन्शिराह हसली. शब्द ओठांवर आले होते. त्यानं तिच्यापुढे चार गरम वडे ठेवले, नेहमीपेक्षा दोन जास्त, आणि शब्द घशाखाली गेले. आपण भित्र्या आहोत हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि स्वतःचा असा संताप आला की ती खाणं टाकून उठली. तिथून ती तडक शाळेपाशी गेली, टुकटुकवाल्याच्या हातातून माइक हिसकावला आणि म्हणाली, "चल. बाजारातून घे. सावकाश."

त्या दिवशी कफ्र अबू तूतनं जे ऐकलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

"मी इन्शिराह बोलतेय. ओळखलं नसेल तर दंड बघा आपापले. शाळेत तुतीखाली मी तुम्हाला सुया दिल्या. पाणी वीस मिनिटं उकळायचं होतं. मी उकळू दिलं नाही. एकाची सिरिंज दुसऱ्याला दिली. त्यातून 'सी' गेला. हा रोग तुमच्या पापाचा नाही, नजर लागलेली नाही, बायकोच्या स्वयंपाकाचाही नाही. माझ्या हाताचा आहे. लाज वाटायची तर ती मला वाटू दे, तुम्ही फक्त या. रांग होती तशीच लावायची आहे. पहिला रगब. रगब नाही आता. रगबच्या मागे झनाती. झनातीच्या मागे शौकी, जो माझ्या हाताला चावला होता. त्याच्या मागे लोहाराच्या जुळ्या..."

साठ नावं. एक चुकलं नाही. बाजारातली तागडी थांबली. एका बाईनं खिडकीतून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिचा नवरा रगबसारखाच गेला होता. इन्शिराहनं ते उभं राहून ऐकून घेतलं आणि टुकटुक पुढे न्यायला सांगितली.

दुपारी ती शाळेत पोचली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. ती टेबलासमोर रगबच्या जागी जाऊन उभी राहिली. मागे एका माणसाची जागा सोडली. पाव तास गेला. पहिला आला तो शौकी, आता आजोबा, पोट पुढे, तोंडात शिव्या.

"म्हातारे, मी चावलो नव्हतो!"

"चावलास. खूण दाखवू?"

"तो माझा चुलतभाऊ होता!"

"चुलतभाऊ तुझ्या मागे अकरावा. गप उभा राहा."

मग लोहाराच्या जुळ्या आल्या, एकमेकींना ढकलत. मग चौघं, मग सात-आठ. कोण कोणाच्या मागे होतं यावरून अशी जुंपली की तगरीदला टेबल वाजवावं लागलं. पन्नाशीचे बाप्ये आणि बाया, गुडघे धरलेले, पण भांडत होते ते थेट दहा वर्षांच्या पोरांसारखे. काही रागानंच आले होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. पण आले होते. मधे एक रिकामी जागा होती, तीत कोणी पाय घातला नाही.

इन्शिराहनं बोट पुढे केलं. सुया देता देता तिला स्वतःला किती वेळा टोचलं होतं, त्याला गणतीच नव्हती. वीस मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा आल्या. तिनं ती पट्टी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"बघा रे. हकीमालाच आहे. आता कोण कोणाला नावं ठेवतो ते बघू."

शौकी मोठ्यानं हसला आणि मग एकदम त्याचे डोळे भरून आले. ते त्यानं बाहीनं पुसले आणि बोट टेबलावर ठेवलं.

सूर्य कालव्यापलीकडे उतरला, टेबलं आवरायची वेळ झाली, तेव्हा फाटकातून झनाती आला. हाताला पीठ तसंच. तो सरळ इन्शिराहसमोर येऊन उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"रगब गेला त्या दिवसापासून?"

"त्याच्या नऊ दिवस आधीपासून."

"आणि रोज येऊन माझे वडे खात होतीस." तो थांबला. "तोंडाकडे बघून."

झनाती त्या रिकाम्या जागेत उभा राहिला, हात पुढे केला आणि डोळे गच्च मिटले. तगरीदनं बोट टोचलं. दोन रेघा. तगरीदनं त्याला समजावलं, की ह्याचा अर्थ 'सी' अंगात येऊन गेला; अजून आहे का ते शिरेतल्या रक्तावरून कळेल. ते कळलंही, दहा दिवसांनी. होता. तिलाही आणि त्यालाही. तालुक्याच्या डॉक्टरनं झनातीचं लिव्हर यंत्रावर पाहिलं आणि म्हणाला, वण पडलेत, पण लिव्हर शाबूत आहे, आणखी पाच वर्षांनी आला असतात तर मी काही करू शकलो नसतो. झनातीनं मान हलवली. इन्शिराह त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला बसली होती. तो तिच्याकडे न बघता उठून गेला.

दुकानाचं त्यानं म्हटलं तेच झालं. दुसऱ्या दिवशीपासून कढई तापायची आणि गिऱ्हाईक नाही. पण सकाळी सातला इन्शिराह बाकड्यावर हजर.

"काय हवंय, बाई?" झनातीनं विचारलं. अब्ला नाही, हकीमा नाही, बाई. हा शब्द तिला सुईसारखा टोचला.

"दोन वडे, ऐश आणि चहा."

तिनं सगळ्या पुलादेखत खाल्लं आणि चहाच्या घोटाबरोबर आपली गोळी गिळली. रोज. चौथ्या दिवशी तगरीद आली, पांढरा कोट घालूनच, आणि भरल्या तोंडानं येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायला लागली, "वड्यातून जात नाही हो, रक्तातून जातो! न्हाव्याचा वस्तरा तपासा, वडे कसले तपासता!" मग शौकी आला, कारण त्याच्याही खिशात गोळ्यांची डबी होती आणि लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिन्याभरात पुलावर गोळीवाल्यांचा अड्डाच बसला. झनाती आपली गोळी पडद्यामागे जाऊन घ्यायचा. एका सकाळी तो चहा ठेवायला आला, तिच्या डबीशेजारी त्यानं आपली डबी ठेवली आणि उभ्यानंच गोळी घेतली. डबी दुसऱ्या दिवशीही तिथेच होती.

बारा आठवडे संपले. आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासलं. इन्शिराहच्या कागदावर लिहिलं होतं, विषाणू आढळला नाही. त्या रांगेतल्या ज्यांना होता त्यांतल्या एक सोडून सगळ्यांच्या कागदावर तेच होतं, आणि त्या एकालाही तगरीदनं दुसऱ्या गोळ्या लावून दिल्या. तुतीला फळ धरलं होतं, पोरांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या.

दुपारी इन्शिराहच्या दाराची कडी वाजली. झनाती. गाल भरले होते. एका हातात कागदात गुंडाळलेले गरम वडे, दुसऱ्या हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. तो ओसरीवर बसला, पिशवीतून एक ताकदीच्या औषधाची कुपी काढली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली बंद सिरिंज. पाकीट त्यानं उजेडात धरून तिला दाखवलं, कुठूनही फुटलेलं नव्हतं. मग बाही दंडापर्यंत वर सारली.

"पाठ धरलीय. सुई दे."

इन्शिराहनं पाकीट हातात घेतलं. अडीच वर्षांत तिनं सुई धरली नव्हती. तो दंड तिच्यापुढे होता, आणि ह्या वेळी डोळे मिटलेले नव्हते; तो टक लावून तिच्याकडे बघत होता. तो काय द्यायला आलाय हे तिला कळलं, आणि तिला भडभडून रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

मग तिनं ओढणीनं नाक पुसलं, पाकीट न उघडताच पिशवीत घातलं आणि पिशवी त्याच्या मांडीवर टाकली.

"पाठदुखीला सुई लागत नाही, गाढवा. दिवसभर कढईवर वाकून उभा राहतोस. एक गोळी घे, स्टूल आण आणि बसून तळ."

"मला तुझ्या हातची हवी."

"माझ्या हाताला जे उशिरा कळलं ते आता तरी करू दे. नको तिथे टोचणार नाही."

झनातीनं पिशवी बाजूला सारली. मग त्यानं बाही खाली केली आणि वड्यांचा कागद उघडून दोघांच्या मधे ठेवला.

"बरं, अब्ला," तो म्हणाला. "खा, गार होतील."